माझी माळकरीण आजी

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजी छत्रपती संभाजीनगर येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून.)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'माझ्या घरातली सावित्री'. खरं सांगायचं तर माझ्या घरात शाळा काढणारं कुणी नव्हतं. माझी आजी, म्हणजे आईची आई, अंगठा उठवणारी बाई. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, नऊवारी लुगडं. एकादशीला निर्जळी उपास. ती कधी मोर्चात गेली नाही. आपल्या बैठकीला मी तिला एकदा आणलं होतं, तर तिथून परतताना म्हणाली, "चांगल्या बाया हाईत, पण देवाचं नावच घेत न्हाईत कुणी." पुन्हा आली नाही. तरी आज मी तिच्याविषयीच बोलणार आहे, कारण विस्थापित बाई म्हणजे काय हे एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात शिकण्याआधी मी घरातच पाहिलं होतं.

तिचं सासर गंगापूर तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं. काळी जमीन, नदीकाठची मळई, उन्हाळ्यात वाळवंटात लावलेल्या काकड्या आणि टरबुजं. हे गाव आज नाथसागराच्या पाण्याखाली आहे. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी केली १९६५ साली आणि उद्घाटन इंदिरा गांधींनी केलं १९७६ साली. या धरणाला नाव जायकवाडीचं, ते गाव बीड जिल्ह्यातलं. आधी धरण तिकडे व्हायचं होतं, पुढे जागा बदलून पैठण ठरलं, नाव मात्र राहिलं. सुमारे दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे. शंभरावर गावं उठली. मराठवाड्याला पाणी हवंच होतं, १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना ते सांगायची गरज नाही, आणि माझी आजीसुद्धा धरण नको होतं असं कधी म्हणाली नाही. ती एवढंच म्हणायची की "पाण्यानं गाव घेतलं ते घेतलं, पण इचारलं कुणाला?"

विचारलं अर्थातच सातबाऱ्यावर ज्याचं नाव होतं त्याला. म्हणजे माझ्या पणजोबांना. मोबदल्याची रक्कम त्यांच्या हातात आली, तीही हप्त्याहप्त्याने. त्यातून दोन सोयरिकी झाल्या, काही देणी फिटली, नव्या गावठाणात घराचा प्लॉट आला. माझे आजोबा दोन वर्षांत आजाराने गेले. हिंदू वारसा कायदा १९५६ सालचा. नवऱ्याच्या वाट्यात विधवेचा हक्क तेव्हाही होता. पण कायदा गावात पोचायला वेळ लागतो आणि दीर कागद घेऊन लगेच पोचतो. आजीने अंगठा दिला. तिला सांगितलं गेलं की पोरांच्या नावाने काहीतरी करायचं आहे. तिने कधी दिराला शिव्या दिल्याचं मी ऐकलं नाही, पण आपला उजवा अंगठा दाखवून ती म्हणायची, "ह्यो चोर."

तीन पोरं घेऊन ती औरंगाबादेत आली. शहराचं नाव २०२३ साली सरकारी कागदावर बदललं, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच होतं, म्हणून मीही तिच्या गोष्टीत तेच म्हणते. मुकुंदवाडीच्या बाजूला दुष्काळात आलेली तिच्या माहेरची एक बाई राहत होती, तिच्या आधाराने पत्र्याची खोली पडली. चिकलठाण्याला कारखाने होते, पण बायांना कारखान्याच्या आत काम नव्हतं. बाहेर होतं. खडी, वाळू, विटा, बांधकामावर पाट्या टाकणं. पंधरा-सोळा वर्षं तिने मिस्त्रीच्या हाताखाली काम केलं. काल्डा कॉर्नर, सिडको, जिकडे म्हणाल तिकडे "हे घर म्या बांधलं" असं ती रिक्षातून बोट दाखवून सांगायची, आणि तिचं ते बरोबरच होतं.

आता पाण्याचं ऐका. ज्या पाण्याखाली तिचं घर गेलं तेच पाणी मोटारी लावून, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर लांबून या शहरात आणलं जातं. मलिक अंबरने सतराव्या शतकात नहर बांधून या शहराला पाणी दिलं. तोही बाहेरून आलेला, हबशी माणूस. आपल्या काळात जायकवाडीची पाइपलाइन आली. आणि माझी आजी त्या पाण्यासाठी सार्वजनिक नळावर पहाटे तीनपासून घागर ठेवून बसायची. एके दिवशी कुणीतरी तिला सांगितलं की हे पाणी धरणातलं आहे. ती म्हणाली, "म्हंजी मह्या अंगणातलंच की." एवढं बोलून तिने घागर भरली.

नळावर काय होतं हे इथल्या निम्म्या बायांना माहीत आहे. घागरी फेकल्या जातात, झिंज्या धरल्या जातात. आमच्या वस्तीत एकीचं डोकं फुटलं आणि चार टाके पडले. तेव्हा आजीने नळाजवळ टाळ घेऊन बसायला सुरुवात केली. तिचा नियम साधा होता. पहिल्या फेरीत घरटी दोन भांडी, मग ड्रमवाल्यांचा नंबर. गरोदर बाई, ओली बाळंतीण, घरात मयत झालेली बाई, यांना आधी. जी मधे घुसेल तिचं भांडं सगळ्यांच्या मागे. कुणी ऐकलं नाही की ती टाळ वाजवायची, जोरात, कानठळ्या बसेपर्यंत. माळकरीण म्हातारी देवाचं नाव घेऊन टाळ वाजवते म्हटल्यावर तिला ढकलणार कोण? भांडखोर बाईसुद्धा थबकायची.

या नियमाला ती आधार द्यायची तो एकनाथांचा. पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे. देव श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी कावडीने पाणी भरायचा, अशी कथा आहे. आजही तुकाराम बीजेपासून तो रांजण भरायला सुरुवात होते आणि नाथषष्ठीचा उत्सव लागतो. आजी म्हणायची, "देवानं नाथाघरी पाणी भरलं, तवा मोठेपणा मधी आला न्हाई. तुला दोन घागरी थांबाया काय होतं?" नाथांनी काशीची गंगा रामेश्वराला नेताना तहानलेल्या गाढवाला पाजली, वाळवंटात पोळणारं महाराचं लेकरू कडेवर घेतलं, याही कथा ती नळावर सांगायची. पाण्याच्या रांगेत कथेला वेळ भरपूर असतो.

आता इथे मी तिला देव करून ठेवणार नाही. ती गावाकडून जे घेऊन आली त्यात जातही होती. गावात दलित बायांना विहिरीपाशी लांब उभं राहावं लागे आणि वरून कुणी ओतलं तर पाणी मिळे. वस्तीत नळ एकच. पहिली काही वर्षं आजी आपली घागर भरल्यावर पुन्हा विसळून घ्यायची, हे माझ्या आईने पाहिलेलं आहे. तिच्यापुढे नंबर असलेली बौद्ध समाजातली एक बाई, बांधकामावर तिच्याच जोडीला काम करणारी, तिला एकदा सरळ म्हणाली, "माळकरीण बाई, तुमच्या नाथानं लेकरू उचललं आन् तुम्ही घागर इसळता व्हय?" आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीपासून विसळणं बंद झालं. पण घरातला चहाचा वेगळा कप जायला आणखी सहा-सात वर्षं लागली, आणि मासिक पाळीत आई-मावशीला देवाजवळ जायची बंदी तर शेवटपर्यंत राहिली. ज्या जोडीदारणीने तिला सुनावलं ती पुढे तिची सर्वांत जवळची मैत्रीण झाली. ती वंदना म्हणायला विहारात जायची, ही हरिपाठ म्हणायची, आणि दोघींच्या घागरी एकमेकींजवळ राखायला असायच्या.

संध्याकाळी आजीच्या खोलीसमोर बायांचा हरिपाठ असे. आपण कार्यकर्त्या वस्तीत गेलो की बाया जमवायला केवढा आटापिटा करतो. मीटिंगला जाते म्हटलं की नवरा विचारतो कसली मीटिंग, सासू विचारते भाकरी कोण टाकणार. हरिपाठाला जाते म्हटलं की तीच सासू चटई काढून देते. आजीला हे बरोबर कळलेलं होतं. हरिपाठ अर्धा तास चालायचा आणि त्यानंतरच्या गप्पा तास-दीड तास. त्या गप्पांतच रेशनच्या दुकानात रॉकेल आलं की नाही ते कळायचं, कुणाच्या पोरीला पाहायला आलेला मुलगा दारूडा आहे ते कळायचं, भिशीचे पैसे जमायचे. पहिल्या भिशीतून टाळ आणि मृदंग घेतला. दुसऱ्या भिशीतून एका बाईच्या बाळंतपणाला रिक्षा आणि औषधं झाली. वही लिहायला माझी आई. ती सातवी शिकलेली, म्हणून तिच्याकडे वही आली आणि त्या वहीमुळे तिला वस्तीत मान आला. आजी तिला सांगायची, "बाईचं नाव लिही. अमक्याची बायकू असं लिहू नगं." मी ती वही पाहिली आहे. पानोपानी बायांची नावं, त्यांच्याच नावाने.

एका रात्रीची गोष्ट आईकडून ऐकलेली. वस्तीतली एक सून मार खाऊन, डोळा सुजलेल्या अवस्थेत, हरिपाठ चालू असताना येऊन बसली. पाठोपाठ नवरा आला. दारू प्यायलेला होता. बायांनी म्हणणं थांबवलं नाही. आजीने त्याला खूण केली, बस म्हणून. तो उभा राहिला, मग चप्पल काढून बसला, आणि आरती होईपर्यंत बसून राहिला. आरतीनंतर आजी म्हणाली, "आज ही हितंच निजल. तू जा." तो गेला. दुसऱ्या दिवशी सात बाया तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेल्या. ४९८-अ हे कलम १९८३ साली आलं, त्यानंतरची ही गोष्ट. पण ठाण्यातल्या माणसाने तिला नवऱ्याची समजूत काढायला सांगून परत पाठवलं. बाया परत आल्या, पुन्हा गेल्या, तिसऱ्या खेपेला तक्रार लिहून घेतली गेली.

पण तीच आजी पहिल्या खेपेला बाईला नेहमी सांगायची की सांभाळून घे. दुसऱ्या खेपेला नवऱ्याला बोलवायची. तिसऱ्या खेपेला ठाणं. मी शिकून आले तेव्हा यावरून माझे आणि तिचे खटके उडाले. मी म्हणायची, पहिल्या मारालाच उठायला पाहिजे. ती म्हणायची, "उठून जाईल कुठं? तुव्ह्या हापिसात निजायला जागा हाय का?" तेव्हा आमच्याकडे जागा नव्हती. आज या शहरात बाईला रात्री दोन वाजता दार उघडं मिळेल अशा किती जागा आहेत, हा प्रश्न २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानंतरही मला विचारावा लागतो.

आपल्या चळवळीत भक्तीविषयी दोन प्रकारची बोलणी मी ऐकते. काही जणी म्हणतात, ही अफूची गोळी, बाई सोसत राहावी म्हणून दिलेली. दुसऱ्या म्हणतात, संत स्त्रिया म्हणजे आद्य स्त्रीमुक्तीवाल्या. मला दोन्ही पटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या संत बहिणाबाईंचं बघा. कन्नडजवळच्या देवगावच्या. घरदार सोडून कुटुंबासोबत वणवण करत कोल्हापूर, देहू अशी फिरलेली ती बाई. ब्राह्मण घरातली, आणि गुरू मानला तुकारामांना, म्हणून नवऱ्याने मारलं. मार खाल्ला हे तिने आपल्या अभंगांत स्वतः सांगून ठेवलं. सतराव्या शतकात एक बाई नवऱ्याचा मार शब्दांत लिहून ठेवते! आणि तीच बाई पतिव्रतेचा धर्मही सांगते. वैजापूर तालुक्यात शिऊरला तिची समाधी आहे, १७०० साली ती गेली. आजीला तिचे काही अभंग पाठ होते. त्यातला माराचा आणि पतिव्रतेचा, दोन्ही. एकापाठोपाठ एक म्हणायची आणि तिला त्यात काही विसंगत वाटायचं नाही. मला वाटतं, आपण जिच्यासोबत काम करतो त्या बहुतेक बाया अशाच आहेत. त्यांनी आधी एक अभंग सोडावा मग आमच्याकडे यावं असं म्हणून चालणार नाही.

पंढरपूरला जायला तिला फार थोड्या वेळा मिळालं. कामाचे खाडे परवडत नसत. म्हणून आषाढीला ती वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला चालत जायची, वस्तीतल्या बाया घेऊन, रात्रीच निघून. वाटेत पोलीस, कारखान्यांचे ट्रक, चहावाले. त्या रस्त्यावर लाखो माणूस असतं. या एका रात्री वस्तीतल्या तरण्या सुना नवऱ्यावाचून घराबाहेर असायच्या, हसत, गात, रस्त्याच्या कडेला बसून भेळ खात. मी लहानपणी गेले आहे. पुढे शिबिरांना जाऊ लागले तेव्हा तिथे बायांचं मोकळं हसू ऐकून मला ते ओळखीचं वाटलं.

आता मुद्द्याचं बोलते. आजीचं नाव आयुष्यभर कशावर होतं? सातबाऱ्यावर नव्हतं. मोबदल्याच्या यादीत नव्हतं. प्लॉटवर नव्हतं. ज्या घरांच्या भिंतींना तिने माल वाहिला त्यांच्या हजेरीपटावर मुकादमाने किती वेळा लावलं कुणास ठाऊक. रेशनकार्ड मामाच्या नावावर. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचं मोठं अधिवेशन झालं, पुढे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि गावोगाव नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा केला. १९९४ साली महाराष्ट्राने महिला धोरण आणलं, त्याच साली वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला. देशभर तो २००५ साली झाला. हे सगळं झालं तेव्हा आजीची जमीन केव्हाच पाण्याखाली होती. पाण्याखालच्या जमिनीत कुणी कुणाला लक्ष्मी करत नाही.

धरणग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रकल्पग्रस्ताचा दाखला लागतो. माझ्या भावाने दाखल्यासाठी विचारलं तेव्हा कळलं की आमच्या घराण्याचा दाखला चुलत मामाच्या मुलाने आधीच घेतलेला आहे. एका खात्याला एकच. आणि माझ्या आईचं नाव तर कोणत्याच वंशावळीत नव्हतं, कारण वंशावळ काढताना मुली सोडून दिल्या होत्या. वंशावळीत आजी म्हणजे 'पत्नी' असा एक शब्द. शेजारी नाव नाही. कागद बघून मी आजीला वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, "महं नाव तिथं न्हाई तर म्या गाव सोडलंच न्हाई म्हन." त्या जलाशयाला १९८६ साली पक्षी अभयारण्य जाहीर केलं आहे. हिवाळ्यात परदेशी पक्षी येतात, जाणकार लोक त्यांची मोजदाद करतात. मला पक्ष्यांबद्दल काही तक्रार नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात गेलं. पाणी हटलं आणि जुन्या गावांची जोती, देवळांचे दगड उघडे पडले. पेपरात फोटो आले. आम्ही जीप करून आजीला नेलं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही तिला धरून चालवत होतो. मला वाटलं होतं ती रडेल, देवळाच्या दगडाला डोकं टेकवेल. तसं फारसं झालं नाही. ती काठीने दाखवत निघाली. इथे अमकीचं जातं होतं. इथे तमकीचं माहेर. ह्या विहिरीत अमकीने जीव दिला. ही पायवाट बायांची, पहाटे नदीवर जायची, पुरुष हिकडून यायचे नाहीत. हे सगळं तिने बायांच्या नावाने सांगितलं. एकदाही अमक्या पाटलाचा वाडा, तमक्याचं शेत असं म्हणाली नाही. मी खिशातल्या वहीवर लिहीत गेले. पंचेचाळीस मिनिटांत चार पानं भरली. उन्हाने ती थकली आणि आम्ही परत निघालो. जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "आजून लई ऱ्हायल्या."

ती २०१९ साली गेली, ऐंशी ओलांडून. तेराव्याला कीर्तन झालं. कीर्तनकार पुरुष होते, त्यांनी ती किती पतिव्रता होती ते सांगितलं. नळाचं किंवा भिशीचं त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. हरिपाठ अजून चालू आहे, आता सिमेंटच्या ओट्यावर. नवीन पाणीयोजनेची घोषणा २०२० साली झाली, १६८० कोटींची. पुढे तो आकडा वाढला. त्याआधी आणि त्यानंतरही वस्तीने पाच-पाच, सात-सात दिवस नळाची वाट पाहिली आहे. आता घरोघर निळे ड्रम आहेत, त्यामुळे रांगेतली भांडणं कमी झाली आणि रांगेतल्या कथाही गेल्या.

ती चार पानं माझ्याकडे आहेत. त्याच्यापुढे आम्ही काही जणींनी एक काम हाती घेतलंय, आणि त्यासाठीच मी हे सगळं सांगत बसले. फाल्गुनात नाथषष्ठीला पैठणला धरणात गेलेल्या गावांच्या म्हाताऱ्या बाया दर्शनाला येतात. त्या तीन दिवसांत आम्ही वाळवंटाच्या वरच्या बाजूला एक सतरंजी टाकून, वही घेऊन बसणार आहोत. ज्या गावाची बाई येईल तिच्याकडून त्या गावातल्या बायांची नावं लिहून घ्यायची. मोबदला कुणाला मिळाला ते नंतर. आधी कोण कोण राहत होतं ते. पुनर्वसनाच्या नोंदीशी ही यादी ताडून बघायचं काम वकील मैत्रिणी करणार आहेत. ज्यांच्या मुलींचे वारसाहक्क अजून शाबूत आहेत अशी काही प्रकरणं त्यातून निघतील असा त्यांचा अंदाज आहे.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरात, शेजारात, गंगापूर, पैठण, नेवासा, शेवगाव या भागातून धरणामुळे उठून आलेली आजी असेल, त्यांनी तिला घेऊन या. तिला चालवत नसेल तर आम्हाला कळवा, आम्ही घरी येऊ. लिहिता येणाऱ्या पाच-सहा मुली अजून हव्या आहेत. येताना पाण्याची बाटली भरून आणा, तिथे उन्हात बसावं लागतं.